आधी डायपर उलटा बांधा: रोटाव्हायरसचे प्रकार कसे टिपायचे

एकदा माझ्या हातून झाकणांची अदलाबदल झाली होती. जानेवारीची सकाळ, टेबलावर शीच्या नऊ बाटल्या आणि नंबर मी झाकणांवर लिहिलेले. दोन बाटल्या एकदम उघडल्या, तेवढ्यात फोन वाजला. परत आले तर दोन झाकणं शेजारी शेजारी पडलेली आणि कुठलं कुणाचं ते कळायला मार्ग नाही. पुढे त्यातला एक जी१ निघाला, एक जी९, म्हणजे बाळांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसचे दोन वेगळे प्रकार. कोणता कोणत्या बाळाचा, ते आजतागायत ठाऊक नाही. दोन्ही नोंदी लाल शाईनं खोडल्या आणि त्या दिवसापासून नंबर बाटलीच्या अंगावर लिहायला लागले, न पुसणाऱ्या शाईनं, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी.

मी दांडिया बाजारात वाढले आणि बडोद्यातच एका प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या टेबलावर काढली. आता घरी असते. पण नव्यानं लागलेल्या मुलामुलींचे फोन येतात, “बेन, नॉन-टायपेबल (प्रकारच न निघणारे) फार येतायत, काय करू?” दर वेळी मी आधी विचारते की नमुना कसा घेतला होता, आणि दर वेळी पलीकडे शांतता. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

मुळात हे करायचं कशाला, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. बाळाच्या उपचारासाठी प्रकार लागत नाही. जी१ असो की जी१२, ओआरएस तेच, झिंक तेच, अंगावरचं दूध चालूच. प्रकार लागतो तो लस कशी चालली आहे हे पाहणाऱ्यांना, आणि त्यांना एका बाळाचा निकाल नको असतो, शेकडो बाळांचा हवा असतो, वर्षानुवर्षांचा, एकाच पद्धतीनं घेतलेला. त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरनं “मॅडम, हा रिपोर्ट कधी येणार?” असं विचारलं तर खरं सांगा, की या बाळाच्या फाइलला तो येणार नाही. उगाच आशा लावू नका.

आता कोणाचा नमुना घ्यायचा. पाच वर्षांच्या आतलं मूल, जुलाबासाठी दाखल झालेलं, चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शी, आजार सात दिवसांहून जुना नाही, शीत रक्त नाही. आणि नमुना दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत. या शेवटच्या अटीकडे लोक काणाडोळा करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घेतलेल्या शीत शेजारच्या खाटेवरच्या बाळाचा विषाणू असू शकतो. रोटाव्हायरस अगदी थोड्या कणांनी लागतो आणि वॉर्डातल्या खेळण्यांवर, खाटेच्या दांड्यांवर टिकतो. मग तुम्ही गावातला प्रकार मोजताय की वॉर्डातला, हेच कळत नाही.

निवड करू नका. “हे मूल फार आजारी दिसतं, याचं नक्की पॉझिटिव्ह येईल” म्हणून त्याचाच नमुना घेतलात की टक्केवारी गेली. अटीत बसणारं प्रत्येक मूल घ्या. नाही घेता आलं तर का नाही, ते वहीत लिहा: आईनं नको म्हटलं, रात्री सुट्टी झाली, शीच झाली नाही. ही न घेतलेल्यांची यादी मी स्वतः दर शनिवारी वाचत असे. एका वर्षी लक्षात आलं की रविवारी दाखल झालेलं एकही बाळ वहीत नाही. रविवारी कोणी नमुने घ्यायलाच जात नव्हतं.

बारा महिने घ्या. आमच्याकडे रोटाचा जोर थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली, पाणी शिरलं की जुलाबाची मुलं वाढतात, पण त्यांत कॉलरा, ई. कोलाय असे दुसरे धनी जास्त. तरीही तेव्हाचे नमुने सोडायचे नाहीत, कारण थंडीतला डोंगर दिसायला पावसाळ्याची सपाटी लागते. आणि एक गैरसमज इथेच काढून टाका. सयाजीरावांनी आजवा तलावाचं पाणी नळानं घरोघरी आणलं, त्यानं पुष्कळ रोग आटोक्यात आले असतील, पण रोटा स्वच्छ पाण्याच्या घरातही शिरतो. अलकापुरीतल्या बंगल्यातलं बाळ आणि वाडीतल्या पोळातलं, म्हणजे जुन्या गल्लीतलं, बाळ माझ्या वहीत एकाखाली एक आहेत. म्हणून तर लस.

नमुना घेण्याची गंमत अशी की पुस्तकात “पाच मिली विष्ठा घ्यावी” एवढंच असतं. हल्लीचं डायपर पाणी पिऊन टाकतं, पातळ शीतलं तर सगळंच. वर हिरवट डाग उरतो आणि तुम्ही तो खरवडत बसता. उपाय सोपा: डायपर उलटं बांधा. प्लास्टिकची बाजू बाळाच्या अंगाला, शोषणारी बाहेर. शी प्लास्टिकवर साचते, चमच्यानं बाटलीत घ्या आणि लगेच डायपर सरळ करून द्या, नाहीतर आजीच्या शिव्या खाल. कापडी बाळोतं असेल तर आत प्लास्टिकचा तुकडा घाला. लघवी मिसळली तर चालेल, फिनेल नको. पाच मिली मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर दोन हरभऱ्यांएवढी सुद्धा मी घेतली आहे आणि तिच्यातून प्रकार निघाले आहेत.

आईला विचारताना “चोवीस तासांत किती वेळा?” असं विचारलंत तर उत्तर येतं, “आखो दिवस, बेन!” त्यापेक्षा विचारा, काल संध्याकाळच्या चहापासून आतापर्यंत किती बाळोती बदलली. गुजराती बाई बाळोतियुं म्हणेल, मराठी बाई बाळोतं; मोजणी दोघींचीही बरोबर येते. तसंच उलट्या किती, ताप किती, डोळे खोल गेलेत का. या सगळ्यावरून वेसिकारी गुण काढतात, वीसपैकी अकरा किंवा जास्त म्हणजे तीव्र आजार. संमती तिच्या भाषेत घ्या, उभ्याउभ्या नाही, खाटेशी बसून.

मग ममता कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या-लशींचं सरकारी कार्ड, मागा. कार्डावरची लसीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचून उतरवा. “हो, सगळ्या लशी झाल्यात” हे उत्तर म्हणून लिहू नका. रोटाची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडातून देतात. किती डोस, कोणत्या तारखेला आणि कोणती लस, हे तिन्ही हवं. भारत बायोटेकची रोटावॅक की पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल, याचं पुढे प्रकार वाचायच्या वेळी फार काम पडतं. वय महिन्यांत लिहा. “एक वर्ष” लिहिलेली मुलं अकरा महिन्यांची असतात आणि तेवीसचीही.

बाटली बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांत, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. आता बडोद्यात हे सांगायला सोपं, करायला अवघड, कारण ऐन हंगामात पतंगांचं उत्तरायण येतं. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं गाव गच्चीवर. रिक्षा मिळत नाही आणि स्कूटरवरून जाणं म्हणजे मांज्याशी गाठ. आमचा नमुने आणणारा मुलगा डबा पायाशी ठेवून, हँडलला तारेची कमान लावून, गळ्याला मफलर गुंडाळून यायचा. मी त्या दोन दिवसांसाठी वॉर्डाच्या फ्रीजमध्ये वेगळा कप्पा मागून घेत असे आणि आतला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ सिस्टरकडून वाचून घेत असे. लसीच्या फ्रीजमध्ये मात्र शी ठेवू नका, कितीही गळ घातली तरी.

प्रयोगशाळेत पहिली पायरी एलायझा, म्हणजे रंग बदलून विषाणूचं प्रथिन दाखवणारी चाचणी. यात व्हीपी६ नावाचं मधल्या थरातलं प्रथिन पकडतात. लहान मुलांना आजारी पाडणाऱ्या ‘ए’ गटात ते सगळ्यांत सारखं असतं. निळा रंग, मग थांबवणारं द्रावण घातलं की पिवळा, ४५० नॅनोमीटरवर वाचायचं. हद्द किटच्या कागदात दिलेली असते, तीच पाळा. हद्दीच्या जरा वर-खाली असलेल्या नमुन्यांवर पेन्सिलनं टिंब करून ते दुसऱ्या दिवशी परत लावा. एवढंच.

पीसीआरच्या (जनुकाच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीच्या) आधीचं एक जुनं कसब सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझं त्याच्यावर प्रेम आहे. रोटाचा जनुकसंच एकसंध नसतो, दुपदरी आरएनएचे अकरा तुकडे असतात. शीतून आरएनए काढून पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलमधून विजेच्या प्रवाहानं रात्रभर पळवलं आणि चांदीनं रंगवलं की सकाळी त्या अकरा पट्ट्या डोळ्यांना दिसतात: वर चार, मग दोन, मग तीन जवळजवळ, मग दोन. चार-दोन-तीन-दोन म्हणजे ‘ए’ गट. एखाद्या नमुन्यात अकरावा तुकडा लांबीनं मोठा असतो, तो जेलमध्ये मागे राहतो आणि खालची घडी वेगळी दिसते. या मांडणीला ‘आखूड’ (शॉर्ट पॅटर्न) म्हणतात आणि जी२पी[४] (या नावांचा अर्थ पुढे येतो) बहुतेकदा तसा असतो. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा चांदीचं द्रावण दुधासारखं पांढरं झालं. कालच्या घाईत भांडं नळाच्या पाण्यानं विसळलं होतं, पाण्यातल्या क्लोराइडनं चांदी खाऊन टाकली. भांडी डिस्टिल्ड पाण्यानंच विसळा. आज या पद्धतीवर कोणी अवलंबून राहत नाही, पण दोन वेगळे विषाणू एका शीत असले की बारा-तेरा पट्ट्या दिसतात, आणि पीसीआरवर शंका आली तर हा साक्षीदार कामी येतो.

आता मुख्य काम. विषाणूच्या बाहेरच्या थरात दोन प्रथिनं. व्हीपी७ वरून जी प्रकार, व्हीपी४ वरून पी प्रकार. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या तुकड्यांवर, म्हणून दोन्ही वेगळी तपासायची. शीचं दहा टक्के द्रावण करा, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवा, वरचं निवळ घ्या, त्यातून आरएनए काढा.

इथे बहुतेकांचा घोडा अडतो. हा आरएनए दुपदरी आहे. कोरोनाच्या काळात पीसीआर शिकलेली मुलं थेट सीडीएनए (आरएनएवरून डीएनएची प्रत) करायला घेतात आणि काही मिळत नाही. आधी दोन पदर सोडवायला हवेत: ९७ अंशांवर पाच मिनिटं आणि लगेच बर्फात. लगेच म्हणजे लगेच. एका मे महिन्यात आमचं बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं. मी नळ्या “दोनच मिनिटं” टेबलावर ठेवल्या आणि बर्फ आणायला खाली गेले. पदर पुन्हा जुळले. त्या दिवशीच्या चौदा नमुन्यांपैकी अकरांचा काही प्रकार निघाला नाही, एलायझा मात्र सगळ्यांचा ठणठणीत पॉझिटिव्ह. पुन्हा केले तेव्हा अकराच्या अकरा निघाले. तेव्हा नॉन-टायपेबल वाढले की नवा विषाणू आल्याच्या बातम्या द्यायच्या आधी बर्फाची पेटी बघा.

सीडीएनए झालं की दोन फेऱ्यांचा पीसीआर. पहिल्या फेरीत जनुकाचा मोठा तुकडा, दुसरीत त्याच्या आतल्या जागेवर बसणारे प्रकारागणिक वेगळे प्रायमर (ठरावीक जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे), सगळे एका नळीत. कोणता बसला ते पट्टीच्या लांबीवरून ओळखायचं. पी साठीचे जे नेहमीचे प्रायमर आहेत त्यांत पहिल्या फेरीत ८७६ बेसचा (बेस म्हणजे जनुकाचं एक अक्षर) तुकडा येतो आणि दुसरीत पी[४] ४८३ वर, पी[८] ३४५ वर, पी[६] २६७ वर. दोन टक्क्यांच्या अॅगारोज जेलवर हे तीन अगदी स्वच्छ वेगळे दिसतात. लॅडर (ठाऊक लांबीच्या पट्ट्यांची मोजपट्टी) दोन्ही कडांना लावा, कारण जेल हसतं. मधल्या पट्ट्या पुढे आणि कडेच्या मागे जातात. जी चे आकडे प्रायमरचा संच कोणता त्यावर बदलतात, तेव्हा आपल्याच संचाचा तक्ता जेलच्या यंत्रावर चिकटवा. शेजारच्या प्रयोगशाळेचा तक्ता वापरून जी१ ला दुसरंच नाव दिलेलं मी पाहिलंय.

दोन फेऱ्या म्हणजे दूषित व्हायचा धोका दुप्पट. पहिल्या फेरीची नळी उघडताना त्यातलं अदृश्य शिंतोडं कुठंही बसतं. द्रावणं मिसळायची जागा वेगळी, आरएनए घालायची वेगळी, जेलची खोली तिसरीच. आणि जेलच्या खोलीतून पेनसुद्धा परत आणायचं नाही. दर वेळी नुसत्या पाण्याची एक नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. पाण्यात पट्टी दिसली तर अख्खा दिवस फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी. एका डिसेंबरात आमच्याकडे सलग दोन आठवडे सगळं जी१पी[८] येत होतं. सगळे खूश, केवढा स्वच्छ निकाल. पाण्याची नळी मात्र कोणी लावलीच नव्हती. पिपेट बदलले, टेबल ब्लीचनं पुसलं, परत केलं. निम्मे वेगळे निघाले.

नाव लिहिताना पी च्या आकड्याभोवतीचा चौकोनी कंस खाऊ नका. जी मध्ये सीरमवरून (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीवरून) दिलेला नंबर आणि जनुकावरून दिलेला नंबर एकच आहे. पी मध्ये दोन्ही वेगळे चालतात, म्हणून जनुकाचा नंबर कंसात. पी[८] म्हणजे सीरमच्या हिशोबात पी१ए. कंस काढलात तर वाचणाऱ्याला वेगळीच गोष्ट कळते.

पट्टी आलीच नाही तर क्रमानं जा. आरएनए दहापट पातळ करून पहा, कारण शीतले काही पदार्थ पीसीआर अडवतात. मग शीपासून पुन्हा काढा. मग व्हीपी६ चा पीसीआर करा. तोही नाही आला तर एलायझाच खोटा असू शकतो. तो आला आणि जी किंवा पी तेवढा नाही, तर प्रायमर बसत नाहीये. विषाणू बदलत राहतो आणि वीस वर्षांपूर्वी रचलेला प्रायमर आज सरकतो. तिथे पहिल्या फेरीच्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग (अक्षरांचा क्रम वाचणं) करून घ्या आणि जनुकांच्या सार्वजनिक साठ्याशी ताडून पहा. जी आणि पी साठी ८० टक्के साम्याची हद्द मानतात. तेवढं जुळलं तर तो प्रकार. दोन पट्ट्या आल्या तर शीपासून परत करा आणि परतही दोनच आल्या तर ‘मिश्र’ लिहा. आवडती एक निवडू नका.

आणि आता ते ममता कार्ड काढा. रोटावॅकमधला विषाणू ११६ई हा ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेला, जी९पी[११]. बाळं आजारी नव्हती, विषाणू मात्र होता. आणि त्याचं व्हीपी४ जनुक गायीच्या विषाणूकडून आलेलं. पत्त्यांचे दोन जोड पिसल्यासारखे हे तुकडे एका पेशीत मिसळतात. तेव्हा दोन महिन्यांच्या बाळात पी[११] दिसला की पहिला प्रश्न: डोस कधी झाला? चार दिवसांपूर्वी असेल तर शीत लशीचाच विषाणू असणं स्वाभाविक आहे. रोटासिलचं आणखी अवघड. त्यात जी१, जी२, जी३, जी४, जी९ माणसांचे आणि पी गायीच्या विषाणूचा, पी[५]. आमच्या मिश्रणात पी[५] चा प्रायमरच नव्हता. त्यामुळे जी स्वच्छ, पी गायब, असं चित्र दिसायचं. असे नमुने लशीच्या तारखेशिवाय कधीही टेबलात घालू नका.

टेबल जुलै ते जून करा. जानेवारी ते डिसेंबर केलंत तर एकाच थंडीचे दोन तुकडे होतात आणि निम्मा हंगाम एका वर्षात, निम्मा दुसऱ्यात. एकूण तपासलेले, पॉझिटिव्ह, प्रत्येक प्रकार, मिश्र, न निघालेले, हे सगळे रकाने असू द्या. न निघालेले गाळून शंभर टक्के जुळवण्याचा मोह होतो, मलाही झाला आहे.

वाचताना घाई नको. देशभरच्या रुग्णालयांत २००५ ते २००७ मध्ये पाहिलं तेव्हा जुलाबासाठी दाखल झालेल्या मुलांत ३९ टक्के रोटा निघाला आणि जी२पी[४] व जी१पी[८] पुढे होते. २०१२ ते २०१६ मध्ये जी१पी[८] नं बाजी मारली. २०१६ मध्ये चार राज्यांत सरकारी लसीकरणात रोटावॅक आली, पुढे सगळीकडे गेली, आणि नंतर जी३पी[८] वर आला. लगेच कोणीतरी विचारतं, लशीनं जी१ हाकलून जी३ आणला का? लशीआधीही हे विषाणू दर काही वर्षांनी पाळी बदलतच होते, त्यामुळे आधीच्या वर्षांची वही नसेल तर या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. शिवाय रोटावॅकमध्ये एकच जी९पी[११] असूनही ती इतर प्रकारांच्या तीव्र आजारापासून वाचवते. दिल्ली, पुणे आणि वेल्लोरच्या चाचणीत हा बचाव पहिल्या वर्षी ५६ टक्क्यांच्या आसपास होता. तेव्हा नुसता प्रकार बदलला म्हणून घाबरायचं नाही. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत एखादा प्रकार वेगळ्या प्रमाणात दिसतो का, वर्षामागून वर्ष दिसतो का, ते पहायचं. आणि त्याला तुमचा तारखांचा रकाना भरलेला लागतो.

शेवटी उरलेली शी फेकू नका. दोन छोट्या नळ्यांत वाटून उणे ७० अंशांत ठेवा, एक नळी वापरायची आणि दुसरीला हात लावायचा नाही. डब्याचा नकाशा कागदावर, संगणकावर आणि डब्याच्या झाकणाच्या आत, असा तीन ठिकाणी. आणि झाकणावर फक्त नकाशा. नंबर नळीच्या अंगावरच.